दूध फुकट येत नाही

(आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

'आईचं आरोग्य, अंगावरचं दूध आणि बाळाची वाढ' असा विषय मला आज बोलायला दिला आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणी आशा आहेत, अंगणवाडीताई आहेत, गावात बायांचे गट चालवणाऱ्या आहेत. 'आईचे दूध म्हणजे अमृत' हे वाक्य तुम्हाला पाठ आहे. उपकेंद्राच्या भिंतीवर ते रंगवलेलं असतं, शेजारी एक गुबगुबीत आई आणि तितकंच गुबगुबीत बाळ. वाक्य खरंच आहे. ते का खरं आहे तेही मी सांगणार आहे. पण त्या चित्रासमोरच्या बाकावर तपासणीला आलेली बाई बघितली की मला दर वेळी प्रश्न पडतो : हे अमृत तयार कशातून होतं? आणि त्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो?

या प्रश्नाला हात न घालता आपण नुसतं 'पाजा, पाजा' सांगत फिरलो, तर बाईच्या डोक्यावर आणखी एक हंडा ठेवल्यासारखं होईल. बाळ वाढलं तर दुधाचा महिमा, नाही वाढलं तर आई हलगर्जी. ही मांडणी आपल्याला मोडायची आहे. म्हणून मी बाळाकडे जाताना बाईच्या बाजूने जाणार आहे.

सुरुवात बाळंतपणाच्या आधी होते

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. बायांना दिवस जाण्याच्या आधीपासूनच त्यांच्या नोंदी ठेवल्या. या बायांचं सरासरी वजन होतं सुमारे ४२ किलो. पूर्ण दिवसांची त्यांची बाळं भरली सरासरी २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली, तर ती साडेतीन किलोची. आपली बाळं नुसती लहान नव्हती. त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव जास्त बारके होते, चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. पोटात असताना अशी काटकसर करून वाढलेल्या मुलाला मोठेपणी मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका जास्त राहतो, हा या संशोधनातला महत्त्वाचा धागा.

पण आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. ज्या बायांच्या जेवणात पालेभाजी, फळं आणि दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं मोठी भरली. ज्या बायांना गरोदरपणी जास्त कष्टाची कामं पडली, त्यांची लहान. मैत्रिणींनो, पालेभाजी काही सोन्याच्या मोलाची नसते. शेतात उगवते, बाईच खुडते, बाईच निवडते. पण सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर पातेल्यात उरतं काय? आणि गोठ्यातलं दूध सकाळी डेअरीवर गेल्यावर घरात उरतं काय? विहिरीवरून पाणी कोण आणतं? बाळाचं जन्माचं वजन या प्रश्नांच्या उत्तरावर ठरतं.

दुसरी गोष्ट लोहाची. बाळाला पहिले सहा महिने पुरेल एवढा लोहाचा साठा ते पोटात असतानाच, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, आईकडून घेतं. अंगावरच्या दुधात लोह थोडंच असतं. म्हणजे हा साठा बाळाची शिदोरी आहे. आईच्या अंगातच रक्त नसेल तर ती शिदोरी बांधणार कशातून? आणि लोह फक्त रक्ताला लागत नाही. मेंदूच्या जडणघडणीला लागतं, लक्ष लागायला, शिकायला लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर १०० गरोदर बायांमागे ५२ जणी रक्तक्षयाच्या निघाल्या. १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बाया धरल्या तर १०० मागे ५७. हा दुसरा आकडा नीट ऐका. बाई गरोदर राहते तेव्हा ती आधीच रिकाम्या डब्यानिशी निघालेली असते. लाल गोळ्या तिला चौथ्या महिन्यापासून मिळतात, पण तिचं रक्त कमी झालेलं असतं पाळी सुरू झाली त्या वयापासून.

फोलिक ॲसिडचंही तसंच. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली हे बाईला कळेपर्यंत ते काम बरंचसं उरकलेलं असतं. म्हणून बाळाच्या वाढीचा विचार गरोदरपणापासून करणं म्हणजे उशीरच. तो तेरा वर्षांच्या मुलीच्या ताटापासून करायला हवा. आणि तोही ती उद्याची आई आहे म्हणून नव्हे. ती आज भुकेली आहे म्हणून.

चीक, पान्हा आणि 'दूध पुरत नाही'

आता दुधाकडे येऊ. गाय व्याली की पहिल्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, शेजारी वाटतो. आणि बाईचा चीक? तो कित्येक घरांत अजूनही 'जड असतो, पचत नाही' म्हणून पिळून टाकतात. तोवर बाळाला मध चाटवतात, गुळाचं पाणी देतात, गुटी उगाळतात. चीक चमचाभरच असतो, पिवळसर आणि दाट. नव्या बाळाचं पोटही तेवढंच असतं. रोगाशी झुंजणारी द्रव्यं त्यात ठासून भरलेली असतात. जन्मल्यापासून तासाभरात बाळ छातीला लावावं, सहा महिने पाणीसुद्धा न देता अंगावरच पाजावं, आणि सहा महिन्यांनंतर वरचं घट्ट अन्न सुरू करून दोन वर्षं आणि त्याहून पुढेही पाजणं चालू ठेवावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्या देशात तासाभरात छातीला लागलेली बाळं त्या पाहणीत १०० मागे फक्त ४२ निघाली. आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. मग ही ५८ बाळं कोणी अडवली? सगळा दोष सासूच्या गुटीवर टाकता येणार नाही. सिझेरियननंतर बाळ वेगळ्या खोलीत, बाळंतीण ग्लानीत, आणि सिस्टरला पंचवीस खाटा. तिथे बाईचं अज्ञान कुठे आलं?

दूध बनतं कसं, ते आपल्या प्रत्येक गटात सांगायला हवं. बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं. वरची बाटली सुरू केली की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी होतं, आणि मग 'बघा, पुरतच नव्हतं' हे खरं ठरतं. बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करत असेल, वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. रडणं हा एकटा पुरावा नाही.

पण दूध तयार होणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं. पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन नावाचं द्रव्य लागतं. बाई घाबरलेली असेल, तिला दुखत असेल, अपमान होत असेल, तर ते अडतं. गाय पान्हा चोरते, असं आपण म्हणतो. गोठ्यात गडबड झाली की गाय दूध देत नाही, हे गवळ्याला पक्कं ठाऊक असतं. तो तिला गोंजारतो, पुढ्यात पेंड ठेवतो, लोकांना बाजूला व्हायला सांगतो. बाईची तुलना गुरांशी करू नये. पण गुराला मिळते तेवढी समज तरी बाळंतिणीला मिळते का? तिला ऐकवतात, 'हिच्या छातीत दूधच नाही.'

बदललं कोण?

अंगावरच्या दुधाने बाळाची बुद्धी वाढते, असं छापील पत्रकांत असतं. याचा एक चांगला पुरावा बेलारूस या देशातून आला आहे. १९९६-९७ साली तिथल्या ३१ प्रसूतिगृहांत १७ हजारांहून जास्त बाळंतिणी आणि बाळं या अभ्यासात घेतली. सगळ्याच आयांनी अंगावर पाजायला सुरुवात केलेली होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं करून काही प्रसूतिगृहं निवडली आणि तिथल्या डॉक्टर-सिस्टरांना प्रशिक्षण दिलं : बाळंतिणीला मदत कशी करायची, बाळ छातीला नीट कसं लावायचं, अडचण आली तर काय करायचं. बाकीच्या ठिकाणी नेहमीचा कारभार. तीन महिन्यांनी मदत मिळालेल्या गटात १०० मागे ४३ बाळं फक्त अंगावर होती, दुसऱ्या गटात ६. पहिल्या वर्षात मदतीच्या गटात जुलाबाचे आजार कमी झाले. साडेसहा वर्षांची झाल्यावर या मुलांना बुद्धीच्या चाचण्यांत, विशेषतः भाषेच्या, जास्त गुण मिळाले. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

यातून मी काय घेते? आयांना कोणी भाषण दिलं नाही, लाजवलं नाही. बदलली ती दवाखान्याची वागणूक. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची आणि बाळंतिणींची काळजी घेतली. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, हे १९९९ साली जगासमोर आलं. आशाताईंच्या बाळंतिणीच्या घरी जाण्याच्या ज्या भेटी २०११ पासून सुरू झाल्या, त्यांच्यामागे हा अनुभव आहे. त्याही कामाचा गाभा तोच होता : बाईपाशी जाऊन बसणारं, हात लावून दाखवणारं कोणीतरी.

खर्च कोणाच्या अंगावर?

आता शीर्षकाच्या प्रश्नाकडे. पूर्ण अंगावर पिणारं बाळ रोज साधारण पाऊण लिटर दूध पितं. त्यासाठी आईला रोज सुमारे ६०० उष्मांक जास्तीचे लागतात, म्हणजे अंदाजे तीन भाकरी जास्त. त्या तीन भाकरी मिळाल्या नाहीत तरी दूध बहुधा बंद पडत नाही. शरीर ते स्वतःच्या साठ्यातून देतं. बाई वाळते, बाळ पितं. म्हणून लोक म्हणतात, दूध फुकट आहे.

काही गोष्टी मात्र शरीर साठ्यातून फार काळ देऊ शकत नाही. आयोडीन, अ जीवनसत्त्व, बी-१२ हे दुधात किती उतरणार ते आईच्या आहारावर आणि अंगातल्या साठ्यावर ठरतं. बी-१२ मिळतं दूध, अंडी, मासे, मटण यांतून. आईच्या अंगात ते फारच कमी असेल तर नुसत्या अंगावर असलेलं बाळ काही महिन्यांनी सुस्त होतं, हसायचं थांबतं, सावरलेली मान पुन्हा टाकतं, हातपाय थरथरायला लागतात. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी याच्या नोंदी १९५०-६० च्या दशकांपासून केल्या आहेत. वेळेत बी-१२ दिलं तर बाळ सुधारतं, पण उशीर झाला तर विकासातली काही तूट राहू शकते. अशा वेळी 'आईचं दूध बाधलं' असं म्हणून पाजणं तोडतात. बाधते ती आईची उपासमार.

मग वेळेचा खर्च. नवं बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं. एका वेळी पंचवीस मिनिटं धरा आणि दहा वेळा धरा. चार तासांहून जास्त झाले. हे काम आहे. चूल, धुणं, निंदणी हे सगळं करून वर केलेलं काम. त्याची नोंद कुठल्याही मस्टरवर नाही.

आणि मनाचा खर्च. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला, २००२ साली तो छापून आला. बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी १०० मागे २३ जणींना नैराश्य होतं. कोणाला जास्त? गरिबी असलेल्यांना, नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्यांना, आणि मुलगी झाली म्हणून घरचे नाराज असतील त्यांना. याच अभ्यासात पुढे दिसलं की नैराश्यातल्या आयांची बाळं सहा महिन्यांची होईपर्यंत वजनात, उंचीत आणि मानसिक वाढीत मागे पडली होती. म्हणजे नवऱ्याने बायकोला मारलेली थप्पड बाळाच्या वाढीच्या तक्त्यावर उमटते. मारहाणीची केस आणि कुपोषणाची केस आपण दोन वेगळ्या फायलींत ठेवतो. त्या एकाच घरातल्या असतात.

मुलीच्या वाट्याला दूधही कमी येतं. सीमा जयचंद्रन आणि इलियाना कुझिएम्को या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आपल्याच देशाची आकडेवारी तपासून २०११ साली दाखवलं, की मुलींचं दूध मुलांच्या मानाने लवकर तोडलं जातं. एक कारण म्हणजे घरच्यांना मुलगा हवा असतो, आणि अंगावर पाजत असताना दिवस राहायला उशीर होतो. यात त्या आईला कोणी विचारलेलं असतं का?

डबेवाले आणि मालक

दूध पुरत नाही ही भीती विकणारेही आहेत. डब्यातल्या दुधाच्या जाहिरातींविरुद्ध जगभर आवाज उठला, तेव्हा मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेत आचारसंहिता मंजूर झाली. ११८ देश बाजूने, विरोधात एकटी अमेरिका. आपल्याकडे १९९२ साली कायदा झाला, २००३ साली तो कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या डबाबंद दुधाची, खाद्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने द्यायचे नाहीत, डब्यावर आईचं-बाळाचं चित्र छापायचं नाही, डॉक्टरांना भेटवस्तू द्यायच्या नाहीत. असं कुठे दिसलं तर फोटो काढा, तारीख लिहा, लेखी तक्रार करा.

पण डबा विकत घेणाऱ्या बाईवर राग काढू नका. बारा तास कामाला जाणारी बाई बाळाला काय ठेवून जाणार? मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९२९ साली झाला. १९२८ साली त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधिमंडळात बोलले होते. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, त्याचा भार मालकाने आणि सरकारनेही उचलावा, असा त्यांचा रोख होता. त्यानंतर १९६१ चा कायदा आला, २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली, ५० माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दोन सुट्ट्या हेही त्यात आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी घेतल्या आहेत. छान. पण शेतमजूर, घरकामगार, वीटभट्टीवरची, ऊसतोड करणारी बाई हिचं काय? कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या नावावर घेतलेली, खाडा झाला की दंड. ती बाई बाळंतीण होऊन काही दिवसांत फडावर उभी राहते, बाळ पाचटावर झोळीत.

तिच्यासाठी काय आहे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा बाईला निदान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला त्याचे ५,००० झाले, तेही हप्त्यांत आणि कागदपत्रांवर. २०२२ पासून दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६,०००. दुसरा मुलगा झाला, तिसरं मूल झालं, तर काही नाही. २६ आठवड्यांचे दिवस होतात १८२. पाच हजाराला १८२ ने भागा. दिवसाला साडेसत्तावीस रुपये. एवढ्यावर कोणती मजूर बाई घरी बसून सहा महिने पाजेल?

शेवटी, आपण काय करायचं

एक सावधगिरी आधी सांगते. काही जणींना पाजता येत नाही. औषधं चालू असतात, बाळ काचेच्या पेटीत असतं, बाई खचलेली असते, मूल दत्तक असतं. त्यांच्यावर 'चांगली आई' ची परीक्षा लादू नका. १९८९ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका बाईचं दूध दुसरीच्या अशक्त बाळाला. अशा पेढ्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मागायला हव्यात.

बाकीच्या मागण्याही साध्या आहेत. बाळंतिणीला दवाखान्यात पहिल्या तासात बाळ मिळालं पाहिजे आणि मदतीला माणूस मिळालं पाहिजे. सहा महिन्यांची मजुरी प्रत्येक बाईला, पहिल्या मुलापुरती नव्हे. कामाच्या जागी पाळणाघर. रोज एक गरम पूर्ण जेवण. राज्याच्या आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेने ते सुरू झालं, मग इतर गरीब बायांना का नको? आणि घरातल्या पुरुषांशी बोला. दूध ते पाजू शकत नाहीत, पण पाणी भरू शकतात, भाकरी थापू शकतात, रात्री बाळ खांद्यावर घेऊ शकतात.

आणि एक काम उद्याच सुरू करता येईल, त्याला कुठला जीआर लागत नाही. दर महिन्याला अंगणवाडीत बाळाचं वजन होतं, तक्त्यावर ठिपका पडतो, रेघ खाली गेली की आईला बोलावून विचारतात, 'काय गं, पाजतेस ना?' बाळंतपण झालं की आईचं वजन मात्र कोणी करत नाही. इथून पुढे बाळाला काट्यावरून उतरवलं की आईलाही उभं करा. तिच्याही नावाचा एक तक्ता ठेवा. तिची रेघ खाली चालली असेल तर तिला विचारा : 'बाई, तू जेवलीस का?'